काढलें तें परत न ठेवतां : संभाव्यतेचा एक धडा

पिशवींतून कांहीं वस्तू न पाहतां काढावयाच्या आणि काढलेली वस्तू परत आंत टाकावयाची नाहीं, अशा प्रसंगीं एखादी गोष्ट घडण्याचा संभव कसा काढावा, हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. पुष्कळ विद्यार्थी ह्या भागाचें सूत्र पाठ करितात. परंतु प्रत्येक पायरीस अपूर्णांक कां बदलतो, हें पाहत नाहींत. तें एकदां नीट समजलें म्हणजे सूत्र आठवत बसण्याचें कारण उरत नाहीं.

आपल्या नागपुराचीं संत्रीं सर्वत्र प्रसिद्ध आहेत. २०१४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. तेव्हां उदाहरण त्यांचेंच घेऊं. सदर बाजारांत एका फळवाल्यापाशीं २० संत्र्यांची पेटी आहे, असें समजा. वरून सगळीं सारखीं दिसतात; पण ४ आंतून नासलेलीं आहेत. गिऱ्हाईक न निवडतां ३ संत्रीं उचलून सोलतें आणि तिन्ही चांगलीं निघाल्यास पेटी विकत घेतें. तें फसण्याचा संभव किती?

पहिलें संत्रें चांगलें निघण्याचा संभव १६/२०. तें चांगलें निघालें म्हणजे पेटींत उरलीं १९, व त्यांत चांगलीं १५. कारण सोललेलें संत्रें कोणी परत पेटींत ठेवीत नाहीं. म्हणून दुसऱ्याचा संभव १५/१९, आणि त्याच न्यायानें तिसऱ्याचा १४/१८. तिन्ही गोष्टी एकामागून एक घडावयाच्या आहेत, म्हणून गुणाकार करावा :

१६/२० × १५/१९ × १४/१८ = २८/५७, म्हणजे सुमारें ०.४९.

शंभरांपैकीं जवळजवळ एकूणपन्नास वेळां गिऱ्हाईक फसेल! तीन संत्र्यांवरून साऱ्या पेटीची परीक्षा करणें किती धोक्याचें, हें ह्यावरून दिसेल. तिनांऐवजीं ५ संत्रीं सोललीं, तर फसण्याचा संभव सुमारें ०.२८ वर येतो.

आतां ज्यांत फळांहून अधिक मोलाची गोष्ट पणास लागते, असें उदाहरण पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला. त्यांत खाजगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या वर्गांतील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं राखण्याची तरतूद आहे. (२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें अल्पसंख्याकांच्या शाळा ह्यांतून वगळल्या गेल्या.) अर्ज जागांहून अधिक आले म्हणजे सोडत काढावी लागते, आणि एकदां निघालेलें नांव पुनः सोडतींत येत नाहीं.

समजा, जागा ३ व अर्ज १०. एकाच गल्लींतील दोन मित्रांनीं अर्ज केले आहेत. दोघांसही प्रवेश मिळण्याचा संभव किती? घाईनें उत्तर देणारा म्हणेल, ३/१० × ३/१० = ९/१००. तें बरोबर नव्हे. एकास जागा मिळाली म्हणजे दुसऱ्यासाठीं ९ अर्जांत २ च जागा राहिल्या; म्हणून ३/१० × २/९ = १/१५. दोघांसही न मिळण्याचा संभव ७/१० × ६/९ = ७/१५. उरलेला ७/१५ हा दोघांपैकीं एकासच मिळण्याचा. तिहींची बेरीज १ होते, हा ताळा पाहावा.

येथें एक शंका नेहमीं निघते. मुलांनीं स्वतःच चिठ्ठ्या उचलावयाच्या असल्या, तर प्रत्येकास पुढें जाण्याची घाई होते. शेवटच्याच्या वाट्यास काय उरणार, अशी भीति वाटते. गणित काय सांगतें, तें ऐका. दहा चिठ्ठ्यांत ३ प्रवेशाच्या आहेत. पहिल्याचा संभव ३/१०. दुसऱ्यास चिठ्ठी मिळण्याचे मार्ग दोन : पहिल्यास मिळून मग त्यास, किंवा पहिल्यास न मिळतां त्यास. म्हणून ३/१० × २/९ + ७/१० × ३/९ = २७/९० = ३/१०. म्हणजे तितकाच! पहिल्याची चिठ्ठी उघडून पाहिली, तर मात्र दुसऱ्याचा संभव २/९ किंवा ३/९ होतो. बदलतें तें आपलें ज्ञान. रांगेंतील जागेमुळें कोणावर अन्याय होत नाहीं.

जेथें समूह फार मोठा असतो, तेथें वस्तू परत न ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. २००० संत्र्यांत ४०० नासकीं असलीं, तर तीन चांगलीं निघण्याचा संभव जवळजवळ ०.५१२, म्हणजे प्रत्येक वेळीं ०.८ धरून येतो तितकाच असतो. अशा नमुन्यांवरून मोठ्या समूहाचें अनुमान करण्याचें शास्त्र आपल्याच एका मराठी पंडितानें वाढविलें. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनीं थोड्या शेतांतील पीक कापून व मोजून साऱ्या प्रदेशाच्या पिकाचा अंदाज करण्याच्या पद्धतीवर महत्त्वाचें काम केलें. नमुना निःपक्षपातानें काढला पाहिजे, ही त्या शास्त्राची पहिली अट होय.

विद्यार्थ्यांनीं अभ्यासासाठीं वरील दहा चिठ्ठ्यांचेंच उदाहरण घेऊन तिसऱ्या मुलाचा संभव स्वतः काढावा. मार्ग चार निघतील. चारींची बेरीज ३/१० आली, तर हा धडा समजला असें जाणावें, आणि पुढल्या सोडतीच्या वेळीं रांगेंत धक्काबुक्की न करितां उभें राहावें.