पाळण्याच्या कठड्याला गादी बांधावी काय?

झाशी हे शहर बुंदेलखंडात असले, तरी तेथील काही घरांत आजही मराठी बोलली जाते. १७४२ मध्ये नारो शंकर मराठ्यांचा सुभेदार म्हणून झाशीस आला. त्याच्या काळात आणि त्यानंतर नेवाळकरांच्या अमलात दक्षिणेकडून आलेली अनेक कुटुंबे तेथे स्थायिक झाली. बाहेर बुंदेली किंवा हिंदी बोलणाऱ्या या कुटुंबांनी घरातील संस्कार मात्र मराठी ठेवले. बारसे हा त्यांपैकीच एक. बाराव्या दिवशी पाळणा सजवावा, त्यात मूल घालावे, आत्याने त्याच्या कानात नाव सांगावे, ही रीत झाशीतही तीच आणि पुण्यातही तीच.

जुन्या घरांतील पाळणा बहुधा लाकडी असतो. आढ्याच्या कडीला साखळ्यांनी तो टांगलेला असतो आणि त्याच्या चारी बाजूंना खरादावर कातलेल्या दांड्यांचा कठडा असतो. माळ्यावरून तो खाली उतरला, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कठड्याला आतून दुपटी आणि मऊ गोधड्या बांधतात, मुलाच्या दोन्ही अंगांस लहान लोड ठेवतात आणि डोक्याखाली मोहरीची उशी देतात. ज्या घरी जुना पाळणा नाही, तेथे दुकानातून गजांचा लहान पलंग येतो. त्याबरोबर कठड्याला आतून बांधायची कापूस किंवा फोम भरलेली, नाड्यांची लांब पट्टीही मिळते. बाजारात तिला ‘बंपर’ म्हणतात. मुलाच्या डोक्याला लाकूड लागू नये, हा दोन्हींचा हेतू एकच. या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो उपायाचा.

अर्भकाचे पहिले वर्ष किती नाजूक असते, हे झाशीला नव्याने सांगावयास नको. १८५१ मध्ये राजे गंगाधरराव आणि राणी लक्ष्मीबाई यांना पुत्र झाला आणि तो काही महिन्यांतच दगावला. त्या काळी हे दुःख राजवाड्यालाही चुकत नसे. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १९७१ मध्ये भारतात दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत मरण पावत. २०२३ मध्ये हे प्रमाण २५ वर आले. लस, औषध, स्वच्छ पाणी आणि रुग्णालयातील प्रसूती यांचे हे फळ होय. रोगाने होणारे मृत्यू जसजसे घटतात, तसतसे केवळ सावधगिरीने टळू शकणारे मृत्यू अधिक ठळकपणे नजरेस येतात. झोपेत श्वास कोंडून होणारा मृत्यू हा अशांपैकी एक आहे.

गादी मुळात कशासाठी आली?

कठड्याची गादी प्रथम निघाली ती शोभेसाठी नव्हे. पूर्वी पाश्चात्त्य देशांत लहान मुलांच्या पलंगाचे गज दूरदूर बसविलेले असत. झोपेत हालचाल करताना मुलाचे पाय आणि धड दोन गजांमधून बाहेर घसरत. डोके मात्र आकाराने मोठे असल्यामुळे आतच अडकून राही आणि गळ्यावर फास बसे. ही फट बुजविण्यासाठी गादी बांधली जाऊ लागली.

पुढे मूळ दोषच दूर करण्यात आला. अमेरिकेत १९७३ मध्ये असा नियम झाला की, मुलांच्या पलंगाच्या दोन गजांमधील अंतर सुमारे ६ सेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये. एवढ्या फटीतून अर्भकाचे धड बाहेर जाऊ शकत नाही. ज्या कारणासाठी गादी आली होती ते कारण अशा रीतीने नाहीसे झाले; परंतु गादी गेली नाही. चादर, रजई आणि उशी यांच्याशी रंग जुळवून ती विकली जाऊ लागली आणि जी वस्तू एका दोषावरचा उपाय होती, ती मुलावरील मायेची खूण ठरली.

अर्भकाच्या श्वासाची गोष्ट

मऊपणापासून अर्भकास अपाय कसा होतो, हे समजण्यासाठी त्याच्या शरीराकडे पाहावे लागेल. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. ते पेलण्याइतके बळ मानेच्या स्नायूंत पहिले काही महिने नसते. मूल कुशीकडे वळते, सरकत सरकत कडेला जाते. पण तोंड एखाद्या मऊ वस्तूत रुतले तर मान उचलून ते मागे घेणे त्याला नेहमीच जमत नाही. शिवाय या वयात ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते, आणि नाक बुजण्यास थोडीशी मऊ गादीही पुरते.

नाक पूर्णपणे दाबले गेले नाही, तरीही धोका उरतोच. गादीच्या खोलगट भागात तोंड असले, म्हणजे मुलाने सोडलेली हवा तेथेच साचते आणि तीच पुन्हा आत घेतली जाते. तिच्यातील प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन डायॉक्साइड वाढत जातो. मोठ्या माणसाला अशा वेळी जाग येते आणि तो कूस बदलतो. लहान अर्भकाच्या मेंदूतील ही जागे होण्याची यंत्रणा पुरती परिपक्व झालेली नसते. रडण्याचा आवाज न होताच श्वास मंदावत जातो. शेजारी निजलेल्या आईलाही ते कळत नाही. झोपेतील आकस्मिक मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक आढळतात, त्यामागे हेही एक कारण असावे असे मानले जाते.

अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत ब्रॅडली थॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ ते २००५ या काळातील नोंदी तपासून २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कठड्याच्या गादीमुळे घडलेले २७ मृत्यू त्यांना आढळले. त्यांपैकी ११ अर्भकांचे तोंड गादीवर दाबले गेले होते, १३ अर्भके गादी आणि दुसरी एखादी वस्तू यांच्यामध्ये अडकली होती, आणि तिघांच्या गळ्याभोवती गादीची नाडी आवळली गेली होती. ही संख्या एका मोठ्या देशाच्या मानाने लहान वाटेल. तथापि ज्या वस्तूचा आवश्यक असा काहीच उपयोग उरलेला नाही, तिच्यापायी एकही मूल का दगावावे, असा प्रश्न या नोंदींनी उभा केला.

२०११ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही गादी वापरू नये असा सल्ला दिला. त्याच वर्षी शिकागो शहराने आणि २०१३ मध्ये मेरिलँड राज्याने तिच्या विक्रीवर बंदी घातली. अखेर मे २०२२ मध्ये कायदा होऊन संपूर्ण देशात तिची निर्मिती व विक्री बेकायदेशीर ठरली. अस्तर न भरलेली जाळीची पट्टी त्या बंदीतून वगळलेली आहे. पण तीही आवश्यक आहे असे नव्हे.

मुलाला उताणे निजवावे, या साध्या सूचनेचा इतिहासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून तिचा मोठा प्रचार झाला, आणि पुढील काही वर्षांत झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्यासाठी नवे औषध लागले नाही की यंत्र लागले नाही.

टेंगळाची भीती

गादी काढावयास सांगितले की घरातील आजी साहजिकच विचारते, मुलाचे डोके दांड्यावर आपटले तर काय करावे? तिची भीती खोटी नाही. मूल पालथे पडू लागले की कधीमधी डोके लाकडाला लागते, हात किंवा पाय गजांमधून बाहेर जातो आणि ते रडू लागते. परंतु निजलेल्या वा लोळणाऱ्या अर्भकाच्या अंगात स्वतःला गंभीर दुखापत करून घेण्याइतका जोर नसतो. कपाळाला टेंगूळ येते आणि ते उतरते. अडकलेला पाय रडणे ऐकून आलेली आई सोडविते. श्वास कोंडलेले मूल मात्र रडत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कोणी धावून येत नाही. दोन धोक्यांतील फरक आजीला समजावून सांगावयाचा तो असा.

मूल मोठे झाले की आणखी एक अडचण उद्भवते. उभे राहू लागलेले बालक भरीव गादीवर पाय देऊन कठड्यावर चढते आणि पलीकडे पडते. म्हणजे लहानपणी आणि नंतरही ही गादी निरुपद्रवी नाही.

झाशीच्या घरात काय करावे?

झाशीचे हवामान दोन्ही टोकांचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर जानेवारीतील रात्री कडक थंडीच्या असतात. उन्हाळ्यात कठड्याभोवतीची गादी वारा अडविते आणि मूल घामाघूम होते. हिवाळ्यात रजया, दुलया व लोड यांची भर पडते. अतिरिक्त उष्णतेनेही झोपेतील मृत्यूचा धोका वाढतो. यास्तव थंडीत मुलाला पांघरुणांनी वेढण्याऐवजी अंगावर नीट बसणारे कपडे घालावेत; मोठ्या माणसाला जितके लागतात, त्याहून एक थर अधिक पुरतो. मुलाला ऊब पुरेशी आहे की नाही, हे हातपायांवरून न ठरविता छातीला किंवा मानेला हात लावून पाहावे.

गादी सपाट व घट्ट असावी. चादर ताणून खोचलेली असावी. उशी पहिल्या वर्षी देऊ नये. मोहरीच्या उशीने डोके गोल होते या समजुतीपायी धोका पत्करण्यात अर्थ नाही. जागेपणी, कोणी जवळ असताना मुलाला थोडा वेळ पालथे ठेवल्याने डोक्याचा एकाच जागी पडणारा दाब कमी होतो. झोळीत मुलाची हनुवटी छातीला टेकण्याचा संभव असल्याने झोळी रात्रभराच्या झोपेसाठी योग्य नव्हे. मच्छरदाणी अवश्य लावावी, परंतु ती ताणून बसविलेली व मुलाच्या हाताबाहेर असावी. घर लहान असेल आणि मूल आईजवळच निजत असेल, तर त्याच्या बाजूने रजई, लोड किंवा भिंतीलगतची फट राहू देऊ नये. धूम्रपान वा मद्यपान केलेल्या माणसाच्या शेजारी त्याला निजवू नये.

राहता राहिला घरातील जुना पाळणा. तो वापरण्यापूर्वी सुताराची पट्टी घेऊन दोन दांड्यांमधील अंतर मोजावे. ते ६ सेंटिमीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन इंचांपेक्षा अधिक असेल, तर फट गोधडीने बुजवू नये. सुताराकडून मध्ये आणखी दांडे घालून घ्यावेत. ते शक्य नसेल तर पाळणा बारशापुरताच ठेवावा. त्या दिवशी तो हवा तसा सजवावा, झालर लावावी, खेळणी टांगावी. मुलाभोवती घरची सारी माणसे जागी असतात. पाहुणे गेले, दिवे मालवले, की मुलाला पाळण्यातून उचलून शेजारच्या सपाट बिछान्यावर उताणे निजवावे, आणि त्याच्याजवळ दुसरे काहीही ठेवू नये.