पडदा सर्वांत शेवटी

नाइटक्लबच्या छोट्या खोल्यांमध्ये गाण्यांचे व्हिडिओ दाखवायची व्यवस्था बसवणं हे माझं काम. पुण्यात कोरेगाव पार्कच्या बाजूला, गोव्यात बागा-हणजुणच्या पट्ट्यात अशा खोल्या पुष्कळ. साधारण वीस बाय तीस फूट, नऊ फुटांवर छत, एका कडेला बार, समोर डीजेचं टेबल. मालक पहिल्या भेटीतच पडद्याचे फोटो मोबाइलवर दाखवतो आणि मग उरलेल्या पैशांत बाकीचं बसवा म्हणतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. बाकीचं आधी नीट करा, उरेल त्यात पडदा घ्या. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी आणि मालकांसाठी हे लिहितोय.

१. टेप लावा, पण रिकाम्या खोलीला नाही, भरलेल्या खोलीला.

माणसं नाचायला लागली, हात वर गेले की साडेसहा फुटांपर्यंतची भिंत नाहीशी होते. नऊ फुटी छताखाली कामाची उरते ती अडीच फुटांची पट्टी. ५५ इंची टीव्ही साधारण चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असतो, म्हणजे तो या पट्टीत बसतो. ६५ इंची बसत नाही, त्याचा खालचा भाग लोकांच्या डोक्यांमागे जातो. नाचणारी माणसं एका दिशेला तोंड करून उभी नसतात हेही लक्षात घ्या. त्यामुळे एका भिंतीवर एक अवाढव्य पडदा लावण्यापेक्षा दोन-तीन भिंतींवर एकेक टीव्ही मला जास्त पटतो. त्यातला एक बारच्या वर हवाच. पेग यायची वाट बघणारा माणूसच गाणं शेवटपर्यंत बघतो.

२. प्रोजेक्टरला अंतर लागतं आणि छोट्या खोलीत तेच नसतं.

साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो दीडच्या आसपास असतो. दोन मीटर रुंद चित्र हवं तर तो तीन मीटर मागे टांगावा लागतो, म्हणजे बरोबर डान्स फ्लोअरच्या डोक्यावर. अर्ध्या रेशोचा शॉर्ट थ्रो घेतला तर एका मीटरमध्ये काम होतं. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत १९४० मध्ये बारमध्ये ठेवायला पॅनोरम नावाचं नाणं टाकून चालणारं यंत्र आलं. त्यात १६ मिलिमीटरच्या फिल्मवरची गाणी कपाटाच्या आतच आरशांवरून फिरवून काचेच्या पडद्यावर मागून पाडत असत, कारण बारमध्ये अंतर कुठून आणणार? एका रिळावर आठ गाणी, आणि नाणं टाकलं की क्रमाने पुढचं लागणार, आवडीचं निवडायची सोय नाही. आजचे डीजे ऐकून हसतात.

अंतराचं जमलं तरी धूर आहेच. हेझ मशीन चालू झालं की प्रोजेक्टरचा झोत दिसायला लागतो आणि भिंतीवरचं चित्र फिकं पडतं. हेझच्या द्रवाचा थर हळूहळू लेन्सवर आणि फिल्टरवरही बसतो. जिथे हेझ आहे तिथे मी प्रोजेक्टर लावत नाही. वाद घालणाऱ्या मालकाला दुसरा माणूस सुचवतो.

३. एलईडी वॉल बघायची ती अंधारात.

दुकानात ती झगझगीत उजेडात, पूर्ण प्रकाशावर दाखवतात. क्लबमध्ये ती दहा-पंधरा टक्क्यांवर चालवावी लागते, नाहीतर सगळी खोली तिच्याच उजेडाने भरते आणि लाइटवाल्याच्या कष्टांची माती होते. स्वस्त वॉल कमी प्रकाशावर आणली की अंधारातले बारकावे तुटतात, चेहऱ्यावर पट्टे येतात. म्हणून विकत घेताना दिवे बंद करायला लावा आणि दहा टक्क्यांवर एखादं रात्रीचं चित्रीकरण असलेलं गाणं बघा. सोबत मोबाइलने शूटिंग करून बघा. १९२० हर्ट्झ रिफ्रेश रेटच्या वॉलवर फोनमध्ये अनेकदा आडव्या रेघा येतात, ३८४० च्या वॉलवर त्या बऱ्याच कमी असतात. तुमच्या क्लबची जाहिरात गिऱ्हाइकांच्या रील्समधूनच होणार आहे, तेव्हा हा खर्च वायफळ नाही.

आकाराचंही बघा. पी२.५ चं, म्हणजे दोन ठिपक्यांत २.५ मिलिमीटर अंतर असलेलं, एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं, त्यात १२८ बाय ६४ ठिपके. नऊ आडवी, सहा उभी लावली की २.८८ मीटर रुंद आणि ०.९६ मीटर उंच वॉल होते. डीजेच्या डोक्यावर छान दिसते, पण तिचं प्रमाण तीनास एक आणि गाण्याचं प्रमाण १६ ला ९. मग एकतर दोन्ही बाजूंना काळं राहतं किंवा गायकाचं डोकं कापलं जातं. अशा पट्टीवर नक्षी, रंग, नावं चालवावीत. गाणी टीव्हीवरच बरी.

४. केबल ही भिंतीत जाणारी वस्तू आहे, तिच्यात काटकसर नको.

साधी तांब्याची एचडीएमआय दहा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. शिवाय तिच्या टोकाला कुलूप नसतं, त्यामुळे सबवूफरच्या हादऱ्याने महिनाभरात ती सैल होते. लांब अंतरासाठी मी दोनच मार्ग वापरतो. पहिला कॅट६ वरून एचडीबेसटी, जो १०८०पी चित्र शंभर मीटरपर्यंत नेतो. दुसरा एसडीआय, ज्याचा बीएनसी कनेक्टर फिरवून अडकतो आणि नाचणाऱ्याचा पाय लागला तरी सुटत नाही. मात्र एसडीआयमधून कॉपी-संरक्षण असलेलं चित्र जात नाही, काळा पडदा येतो. क्रिकेटची मॅच सेट टॉप बॉक्सवरून दाखवायची असेल तर ते आधीच सांगा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कॅट६ मागितली की पहिल्यांदा हातात येते ती बहुधा सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वजनाला हलकी, भावाला निम्मी. ती नेटवर्कला कशीबशी चालते, एचडीबेसटीला दगा देते. तार चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. आणि प्रत्येक टीव्हीकडे एक केबल जास्तीची ओढून ठेवा. पीओपीचं छत पूर्ण झाल्यावर नवी केबल टाकायला लागणारा पैसा केबलच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त असतो.

५. ओठ आणि आवाज.

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. चित्र नेहमी उशिरा येतं. प्रोसेसर एखादी फ्रेम खातो, स्केलर एखादी खातो, टीव्हीमधली चित्र गुळगुळीत करणारी सोय तर कधीकधी शंभर मिलिसेकंद खाते. आवाजाला असा अडथळा नसतो, तो लगेच पोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंद राहिला तर आपल्याला कळायला लागतं, पण पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. साहजिक आहे, निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. आपल्या व्यवस्थेत नेमकं उलटं घडतं.

पुस्तकातला उपाय म्हणजे स्पीकरचा आवाज डीएसपीमधून तेवढाच उशिरा सोडणे. मोठ्या सभागृहात तो चालतो. छोट्या खोलीत डीजेला स्वतःच्या मॉनिटरचा आवाज वेळेवर आणि हॉलचा आवाज उशिरा, असे दोन ऐकू येतात आणि त्याचं बीट जुळत नाही. तो वैतागतो आणि ते बरोबरच आहे. म्हणून आवाज मागे ओढण्यापेक्षा चित्राचा उशीर कमी करा. टीव्ही गेम मोडवर टाका, चित्र सुधारणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा, मधली डबडी कमी करा. सगळे टीव्ही एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर दोन भिंतींवर एकच गायिका वेगवेगळ्या वेळी तोंड उघडते. खोलीत टाळी वाजवतानाचा व्हिडिओ लावून फोनने मोजमाप करा. अंतराची चिंता नको, आवाजाला एका मीटरला तीनच मिलिसेकंद लागतात.

६. अर्थिंगची पिन कापू नका.

लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमध्ये घूं आवाज येतो, मग कोणीतरी हुशार माणूस प्लगची तिसरी पिन मोडतो. घूं थांबतं खरं, पण बिघाड झाला तर ओल्या हाताने मिक्सरला टेकणाऱ्या मुलाच्या अंगात करंट जाऊ शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरा. आवाज आणि व्हिडिओ एकाच फेजवर घ्या, दिवे वेगळ्या फेजवर.

७. खरा क्लब हार्ड डिस्कमध्ये असतो.

पडदा कितीही भारी असो, त्यावर व्हीसीडीतून काढलेलं गाणं लावलं तर ते ३५२ बाय २८८ ठिपक्यांचंच दिसणार. जुन्या डीव्हीडीतल्या फाइलमध्ये हलणाऱ्या हातापायांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ती फाइल आधी नीट डीइंटरलेस करून ठेवावी, ऐन रात्री प्लेअरच्या भरवशावर सोडू नये. नव्वदच्या दशकातली इंडीपॉपची गाणी चारास तीन प्रमाणातली. ती ताणून पडदाभर करू नका. लोकांना कडेचं काळं खटकत नाही, जाडी झालेली नायिका खटकते.

प्रत्येक गाणं एकदा मी स्वतः कापतो. सुरुवातीचे संवाद काढतो, शेवटची नामावली काढतो. चित्रपटातून उचललेल्या तुकड्यात कोपऱ्यात धूम्रपानाचा इशारा येतो. नाइटक्लबच्या भिंतीवर तो झळकला की मालक ओशाळतो, मला मात्र मजा वाटते. आवाजाची पातळी सगळ्या फाइलींना एकसारखी करा, नाहीतर १९९५ चं गाणं कुजबुजतं आणि त्यामागचं पंजाबी गाणं कानाचे पडदे फाडतं. नावं एकाच पद्धतीने द्या: गाणं, गायक, बीपीएम, आणि आठ वाजता चालेल की बारानंतरच. आठ वाजता जेवायला कुटुंबंही येतात.

१०८०पी चं चार मिनिटांचं गाणं दहा मेगाबिटने ठेवलं तर साधारण ३०० एमबी होतं, म्हणजे हजार गाण्यांना ३०० जीबी. ही एसएसडीवर ठेवा आणि दुसरी प्रत क्लबच्या बाहेर ठेवा. रेझोल्युम सॉफ्टवेअरमध्ये डीएक्सव्ही फॉरमॅट वापरणार असाल तर जागा कितीतरी पट लागेल.

८. यूट्यूब लावून क्लब चालत नाही.

"आमच्याकडे प्रीमियम आहे" असं मालक ऐटीत सांगतात. प्रीमियम घेतलं तरी यूट्यूबच्या अटी वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापराच्याच राहतात. गाणी वाजवायला पीपीएल, आयपीआरएस या हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाने घ्यावे लागतात हे आता बहुतेकांना माहीत असतं. चित्राचं मात्र कोणी विचारत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रण आणि चलचित्र ही दोन स्वतंत्र कामं आहेत, त्यामुळे आवाजाचा परवाना हातात आला म्हणून चित्राचाही आला असं गृहीत धरू नका. वकिलाला विचारा, मला नको.

९. मी नसताना यंत्रणा चालली पाहिजे.

रात्री आठला यंत्रणा सुरू करतो तो बारवरचा मुलगा. त्याच्यासाठी एक बटण, एक लॅमिनेट केलेला कागद, बस. लॅपटॉपचा पडदा मिरर करू नका, एक्सटेंड करा. नाहीतर डीजेच्या आईचा व्हॉट्सॲप मेसेज तीन भिंतींवर उमटतो. एखादा टीव्ही बंद पडला की लॅपटॉप सगळ्या खिडक्या इकडच्या तिकडे करतो. त्यावर ईडीआयडी एम्युलेटर नावाचं बोटभर यंत्र मिळतं, ते लावा. लाइट जाणं गृहीत धरून लॅपटॉप, प्रोसेसर आणि मिक्सर यूपीएसवर ठेवा.

१०. खारी हवा, ओल, उंदीर.

गोव्यात पावसाळ्यात क्लब बंद असला तरी यंत्रणा रोज तासभर चालवा. रॅक बारखाली नको, तिथे बिअर सांडते. भिंतीतली भोकं बुजवा.

११. आग.

मुंबईच्या कमला मिल आवारातल्या पबमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. आपण क्लबमध्ये वायर, प्लास्टिक आणि उष्णता घेऊन जातो, तेव्हा हा विषय आपलाही आहे. वायर एफआरएलएस, म्हणजे आग न पसरवणारी आणि कमी धूर करणारी, घ्या. वॉलच्या मागे कापड, फोम, थर्माकोलची सजावट लावू देऊ नका, हवा खेळायला जागा ठेवा. कुठलीही स्क्रीन बाहेर जायच्या दारासमोर किंवा त्याच्या पाटीवर येता कामा नये. फायर अलार्मचा रिले आवाजाच्या यंत्रणेला जोडा म्हणजे भोंगा वाजताच संगीत आपोआप बंद होईल, आणि सगळ्या पडद्यांवर दाराकडे जाणारा बाण येईल अशी फाइल तयार ठेवा. मालकांनो, काम घेणाऱ्याकडून वायरचा प्रकार, अर्थिंगचं माप आणि रिलेची चाचणी बिलावर लिहून घ्या, आणि लिहून द्यायला जो तयार नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.