आडवा वारा आणि बाण

रिकर्व्ह धनुष्यातून सुटलेल्या बाणाला ७० मीटर अंतर कापायला साधारण सव्वा सेकंद लागतो. आडव्या वाऱ्याला तेवढा वेळ पुरतो. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या १२२ सेंटिमीटरच्या फलकावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते आणि त्याबाहेरचा प्रत्येक पट्टा ६.१ सेंटिमीटर रुंद. त्यामुळे अंगाला सुखद वाटणारी झुळूकही दहाचे नऊ करू शकते, आणि वारा वाढला की बाण मधल्या पिवळ्यातून बाहेरच्या लाल पट्ट्यात जातो. कंपाऊंड धनुष्याचा बाण बराच वेगवान असतो आणि अंतरही ५० मीटरच, म्हणून त्याच्यावर वाऱ्याचा अंमल कमी वेळ चालतो. पण तिथे दहाचे वर्तुळही ८ सेंटिमीटरचेच असते.

डावीकडून येणारा वारा बाणाला उजवीकडे ढकलतो. समोरचा वारा बाण किंचित खाली उतरवतो, तर पाठीमागचा थोडा वर नेतो. आडव्या वाऱ्याच्या मानाने हा फरक लहान असतो. तिरप्या वाऱ्यात मात्र दोन्ही परिणाम एकत्र येतात आणि नवख्याचा हिशेब तिथेच चुकतो.

बाण वाऱ्याने गेला असे म्हणण्याची मैदानावर सवय असते. ते अर्धेच खरे असते. वारा बाणाच्या आधी तिरंदाजाला हलवतो. डोळा आणि साइटची पिन यांच्यात साधारण एक मीटर अंतर धरले, तर धनुष्याचा हात एक मिलिमीटर सरकला तरी ७० मीटरवर बाण सुमारे ७ सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे एका पट्ट्याहून जास्त. झोताने धनुष्याला जोडलेला स्टॅबिलायझरचा दांडा डुलू लागला की नवखा तिरंदाज पिन पिवळ्यावर स्थिर होण्याची वाट पाहत बसतो. पिन स्थिर होतच नाही. खांदे थकतात, पाठीचा ताण सैल पडतो, खेच पूर्ण झाल्याची खूण देणारा क्लिकर वाजायला उशीर होतो आणि शेवटी बोटे झटका देऊन दोरी सोडतात. असा बाण डावीकडेही जातो आणि उजवीकडेही, कधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेसुद्धा. बाण एकाच बाजूला पण जवळजवळ लागले असतील तर ते वाऱ्याचे काम समजावे. चौफेर विखुरले असतील तर दोष बहुधा सोडण्यात असतो.

म्हणून वाऱ्यातला पहिला उपाय नेम बदलणे हा नव्हेच. पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून भक्कम उभे राहावे, खेच शांत वाऱ्यात असते तशीच ठेवावी, आणि पिन पिवळ्यावर तरंगत असली तरी नेहमीच्या लयीत बाण सोडावा. ऐन खेचीत मोठा झोत आला तर दोरी सावकाश परत आणून पुन्हा सुरुवात करावी. यात कमीपणा काहीच नाही. अडचण वेळेची असते. ऑलिंपिकच्या वैयक्तिक बाद फेरीत खेळाडू आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणाला फक्त २० सेकंद मिळतात. तेवढ्यात एकदाच परत येता येते, दुसऱ्यांदा नाही. म्हणून दोरी खेचण्याआधी झोत ओसरू द्यावा.

वारा वाचताना लक्ष्यावरच्या छोट्या झेंड्यावरच नजर खिळते. तो फक्त लक्ष्याजवळचे सांगतो. वाटेच्या सुरुवातीला मिळालेला धक्का पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातो, त्यामुळे तिरंदाज उभा असतो तिथला वारा जास्त महत्त्वाचा. तो गालाला, बाहीला आणि पायाखालच्या गवतात कळतो. शिवाय ७० मीटरच्या वाटेत बाण जमिनीपासून साधारण ३ मीटर उंच चढतो आणि तिथला वारा खालच्यापेक्षा जोरकस असू शकतो. टोकियो ऑलिंपिकची तिरंदाजी खाडीकाठच्या युमेनोशिमा बेटावर झाली. अशा उघड्या मैदानावर शेजारशेजारच्या दोन लक्ष्यांवरचे झेंडेही वेगवेगळे बोलू शकतात.

वारा एकाच दिशेने, एकाच जोराने वाहत असेल तर साइट सरकवणे सोयीचे. तो थांबून थांबून येत असेल तर साइटला हात लावू नये. एका झोतानंतर साइट बरीच सरकवली आणि पुढचा बाण सोडताना वारा पडला, की बाण दुसऱ्या बाजूच्या लालमध्ये जातो. ही चूक जवळजवळ प्रत्येक तिरंदाज एकदा तरी करतो. अशा वेळी साइट तशीच ठेवून वारा येतो त्या बाजूला नेम धरावा. पिवळ्या-लालची सीमा, लालचा मध्य, लाल-निळ्याची सीमा या खुणा त्यासाठी आयत्याच असतात. कोणत्या वाऱ्याला कोणती खूण, हे सरावातच ठरवून वहीत टिपलेले बरे. कंपाऊंडवाले याऐवजी धनुष्यच वाऱ्याकडे थोडे कलवतात आणि कल किती झाला ते साइटवरच्या बुडबुड्यावरून पाहतात. धनुष्य ज्या बाजूला कलते त्या बाजूला बाण जातो.

साहित्याचा भाग त्यामानाने थोडा. बाण बारीक, टोक जड, पिसे छोटी. इनडोअरचे जाड बाण उघड्यावर आणू नयेत. छातीवर चेस्ट गार्ड हवे आणि सैल बाही दोरीत अडकता कामा नये.

सोसाट्याच्या वाऱ्यात सराव जरूर करावा, पण लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा पक्की जाळी असेल तिथेच. नुसत्या माळावर लक्ष्य मांडले असेल तर त्या दिवशी अंतर निम्मे करावे आणि मागे कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय दोरीला हात लावू नये.