आलेख कोरा का राहतो?

प्रश्न : तेलगावच्या साखर कारखान्याच्या रोजच्या गाळपाचा आलेख डीथ्री या जावास्क्रिप्ट लायब्ररीत करतोय. आलेख कोरा राहतो आणि कन्सोलमध्ये ‘एरर’ म्हणून माझ्याच सीएसव्हीची पहिली ओळ दिसते. फाइल खराब आहे का? – एक विद्यार्थी, तेलगाव (जि. बीड)

उत्तर : फाइल ठीक आहे, तुम्ही घेतलेला कोडचा नमुना जुना आहे. पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे. फाइल सापडली नसती तर तिची ओळ दिसलीच नसती. 2018 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून डीथ्री फाइल वाचताना ‘प्रॉमिस’ परत देते. पूर्वी सीएसव्हीच्या नावानंतर दिलेले फंक्शन सगळी माहिती आल्यावर एकदाच चालायचे. आता ते ओळीगणिक चालते. म्हणून ‘एरर’च्या जागी पहिली ओळ येऊन बसते आणि ‘एरर असेल तर थांब’ ही आज्ञा तिथेच काम अडवते. ते फंक्शन ‘देन’मध्ये न्या, चूक ‘कॅच’मध्ये पकडा.

हाच नमुना इंटरनेटवर चालतो, असे तुम्ही म्हणाल. तिथे चौथी किंवा त्याआधीची आवृत्ती जोडलेली असते. तीच जोडून तुमचेही भागेल, पण मग नवी उदाहरणे अडतील. शिवाय सीएसव्हीतले आकडे मजकूर म्हणून येतात. मजकूर म्हणून तुलना केली, तर ‘950’ हे ‘1200’पेक्षा मोठे ठरते. गाळपाचा रकाना आधी संख्येत बदलून घ्या, नाहीतर आलेख दिसेल, पण चुकीचा.