हॉट रॉड पिकअप : आधी ब्रेक, मग इंजिन

जुन्या पिकअप ट्रकमध्ये दमदार इंजिन बसवून, टप खाली घेऊन 'हॉट रॉड' बनवणे हा अमेरिकेतील गॅरेजवाल्यांचा जुना उद्योग. फोर्डची १९४८ सालची एफ-१ घ्या. तिच्या मूळ व्ही-८ इंजिनाची ताकद १०० अश्वशक्ती. त्या जागी शेवर्लेचे 'स्मॉल ब्लॉक' बसवले की ताकद सहज दुप्पट होते. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच आणि तेलाची लाइन एकच. एक होज फुटला की सगळे ब्रेक जातात. शिवाय रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका. जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी फिरते.

म्हणून जाणता कारागीर आधी चासी तपासतो, पुढे डिस्क ब्रेक व दोन भागांचा मास्टर सिलिंडर बसवतो, मागच्या ब्रेकचा दाब व्हॉल्व्हने कमी करतो. इंजिन त्यानंतर.

टप कापण्याआधी केबिनला आतून आडवे-तिरपे पाइप टॅक करावेत, नाहीतर दरवाजे बसत नाहीत. खांब तिरपे असल्याने कापलेली टोके जुळत नाहीत. टपात पट्टी घालून तो वाढवावा लागतो. लॅमिनेटेड काच कापता येते, टफन्ड काचेचा चुरा होतो. या कामाचे तास अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

आपल्याकडे उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. कारागीर बंधूंनी काम घेण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी.

गिऱ्हाईक रंग पाहून येते. भरवसा मात्र ब्रेकवर बसतो.