नाव, जन्म आणि कागद



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात एका मुलाचे नाव दाखल झाले, भिवा रामजी आंबेडकर. पुढे जगाने त्यांना भीमराव म्हणून ओळखले. आज पासपोर्टसाठी तोच दाखला पुढे केला तर प्रथम प्रश्न येईल, "भिवा आणि भीमराव एकच कशावरून?" हाच प्रश्न आपल्या वाड्यांतील अनेकांपुढे उभा राहतो. बँकेत खाती उघडताना आम्ही तो रोज पाहतो.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जात नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, काही मोजके अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांचे नागरिकत्वही पाहिले जाते. म्हणजे मुलाचा हक्क आई-बापाच्या कागदावर येऊन ठेपतो. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केले.

मग भेद कोठे आहे? तो कागदात आहे. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सातबारा, त्याला पुरावा शोधावा लागत नाही. आपले आजोबा खोतांच्या जमिनीत राबले, जन्म घरीच झाले, नोंद कोण करणार? जुन्या दप्तरात आडनावाच्या जागी जातच लिहिलेली. गुरुजींनी जन्मतारीख अंदाजाने १ जून टाकली. १९५६ नंतर कित्येकांनी नावे बदलली, पण दप्तर बदलले नाही. त्यातच १९८१ पूर्वीच्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी आणि नंतरच्यांवर सिंधुदुर्ग! शिवाय दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर तपासणीची अट पडते आणि आखातासह १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. शिक्षण ज्यांना उशिरा मिळाले, त्यांनाच ही अट अधिक जाचते.

यावर उपाय आहेत. जन्मनोंद राहून गेली असेल तर वर्षानंतरही ती करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मात्र त्या तारखेपासून जन्मलेल्या बालकांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल, शाळेचा दाखला चालणार नाही. म्हणून बाळाची नोंद २१ दिवसांत करा आणि नावही लगेच घाला. नाव बदलले असल्यास राजपत्रात प्रसिद्ध करा. आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

आम्हांस वाटते, प्रत्येक वाडीतील एका शिकलेल्या मुलाने वा मुलीने पावसाळ्यापूर्वी घरोघरचे कागद पाहावेत. आजीच्या पत्र्याच्या पेटीतील भिजू लागलेला दाखला हा नातवाचा हक्क आहे. घटनेने दिलेले नागरिकत्व वाळवीच्या स्वाधीन करू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!