दोन छायाचित्रांतून जमिनीची उंची

गावतळ्याची किंवा नाला बंधाऱ्याची जागा ठरविताना पहिला प्रश्न उताराचा असतो. पाणी कोठून येईल, कोठे साठेल आणि कोणाच्या शेतात शिरेल, हे त्यावर अवलंबून असते. पंचायतीपुढे येणाऱ्या नकाशांतील उंचीची माहिती आता पुष्कळदा उपग्रहचित्रांवरून घेतलेली असते. राज्यासाठी उपग्रहचित्रांवर आधारित नकाशे तयार करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे. परंतु सपाट चित्रातून उंची कळते कशी?

बोट डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. बोट जागेवरून सरकल्यासारखे दिसते. दूरची भिंत मात्र फारशी सरकत नाही. जवळची वस्तू अधिक सरकते, या एका गोष्टीवर हे सारे शास्त्र उभे आहे.

मे 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 या भारतीय उपग्रहाला असेच दोन 'डोळे' होते. सुमारे 618 किलोमीटर उंचीवरून जाताना एक कॅमेरा 26 अंश पुढे, तर दुसरा 5 अंश मागे रोखलेला असे. त्यामुळे एकाच भूभागाची दोन चित्रे सुमारे 52 सेकंदांच्या अंतराने मिळत. अशा जोडचित्रात रामटेकच्या गडावरील मंदिर पायथ्याच्या वस्तीपेक्षा अधिक सरकलेले दिसते. त्या फरकावरून गडाची उंची गणिताने निघते.

अवघड काम पुढेच आहे. पहिल्या चित्रातील ठिपका दुसऱ्यात नेमका कोणता, हे ओळखले पाहिजे. पूर्वी हवाई छायाचित्रांची जोडी त्रिमितीदर्शकाखाली ठेवून तज्ज्ञ हे काम डोळ्यांनी करीत. आता संगणक ठिपक्याभोवतीच्या लहानशा चौकोनातील उजेड-अंधाराची ठेवण ताडून पाहतो. बांध, रस्ते, घरे असली की ओळख सहज पटते. अंबाझरी तलावाच्या एकसारख्या पाण्यावर मात्र तो चकतो. गडद सावलीतही तेच. पेंचच्या सागवनात तर जुळणी बिनचूक झाली तरी हाती येते ती झाडांच्या शेंड्यांची उंची, जमिनीची नव्हे.

कार्टोसॅट-1 च्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे 2.5 मीटरांचा. जुळणीत एका ठिपक्याची चूक झाली, तर उंचीत सुमारे 4 मीटरांचा फरक पडतो. संगणक ठिपक्याच्या अंशापर्यंत जुळवितो हे खरे. तरीही दोन मीटर उंचीच्या बंधाऱ्याची पातळी केवळ अशा नकाशावरून ठरविणे धाडसाचेच. पाणलोटाची सीमा आखण्यास आणि जागांची पहिली निवड करण्यास हा नकाशा उत्तम. बंधाऱ्याच्या माथ्याची व सांडव्याची पातळी मात्र शिवारात लेव्हल यंत्र लावूनच घ्यावी लागते.